भागवणं

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या चार मित्रांबरोबर पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. कराड ओलांडल्यावर हायवेवरच्या एका ढाब्याशी मी गाडी थांबवायला लावली. कराड-इस्लामपूर पट्ट्यातून जायचं आणि आख्खा मसूर न खाता पुढे सरकायचं, हे आमच्याकडे चालत नाही. तिखटजाळ मसूर, वर तेलाचा लाल तवंग, भलीमोठी रोटी, बुक्कीनं फोडलेला कांदा. मित्रांनी बोटं चाटली. एकानं विचारलं, "म्हणजे तू लहानपणी हे असलं रोज खायचास?"

"जवळपास रोज," मी म्हणालो. सगळे हेव्यानं हसले.

खोटं नव्हतं ते. २००९ साली आमच्या घरी आठवड्यातून चार वेळा आख्खा मसूर व्हायचा. आदल्या वर्षी बाबा जिथे कामाला होते ते बंद पडलं होतं आणि त्या वर्षी तूरडाळ भडकली होती. घरात पाच माणसं: आजी, आई, बाबा, ताई आणि मी. मसूर त्या मानानं स्वस्त, भिजवला की फुगतो, आणि पाणी वाढवलं तरी चव टिकवून धरतो. आमच्या ताटात तो खासियत म्हणून आलेला नव्हता. त्याच्यावर तवंगही नसायचा.

आई मात्र मसूर खायची नाही. "मला सोसत नाही," म्हणायची, आणि भाकरीबरोबर ठेचा घ्यायची. बाबांना दूध चालत नाही, आजीला वांगं चालत नाही, तसं आईला मसूर चालत नाही, ही आमच्या घरातली ठरलेली गोष्ट होती.

कोल्हापूरहून परतताना मी मित्रांना पुढे पाठवलं आणि त्याच ढाब्यावरचं पार्सल घेऊन घरी उतरलो. बाबांसाठी म्हणून नेलं होतं. आईनं दोन वाट्या खाल्ल्या, भाकरीच्या तुकड्यानं वाटी पुसून घेतली आणि म्हणाली, "तिखट जरा जास्तच घालतात, पण चांगलाय."

"तुला मसूर चालतो?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वाट्या उचलता उचलता म्हणाली, "आता चालतो."

त्या दोन शब्दांवर मी तेव्हापासून विचार करतोय.

*

मराठीत 'भागणे' हे क्रियापद तीन ठिकाणी भेटतं. दहाला पाचानं भागतात. तहान भागते, गरज भागते. आणि माणूस संध्याकाळी दमून-भागून घरी येतो. वाटणी, पुरेसं होणं आणि थकणं, तिन्हींसाठी एकच शब्द. या तिघांचं मूळ एकच आहे की नाही, हे भाषेच्या अभ्यासकांनी सांगावं. मला एवढंच माहीत आहे की आमच्या स्वयंपाकघरात हे तिन्ही अर्थ रोज एकाच वेळी खरे असायचे. थोडक्या जिनसा पाच जणांत भागायच्या, त्यात सगळ्यांचं भागायचं, आणि हे सगळं भागवून आई भागलेली असायची.

आधी हे मान्य करू, की ते काम कसबाचं होतं. मी आज ज्याला ऑप्टिमायझेशन म्हणून पगार घेतो, त्यापेक्षा ते सोपं नव्हतं. बेसनाचं पिठलं घ्या. एक वाटी बेसन तीन-चार वाट्या पाणी धरून ठेवतं, कारण त्यातला स्टार्च तापला की पाणी शोषून दाट होतो. एका वाटीत पाच माणसांचं कोरड्यास होतं. चकोल्या केल्या की वरण आणि पोळी एकाच पातेल्यात शिजतात. वेगळी भाजी लागत नाही, वेगळं तेल लागत नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी. भाजी महाग असेल तेव्हा शेंगदाण्याचं कूट आमटीत जायचं, म्हणजे अंगाला थोडा स्निग्धपणा मिळायचा आणि आमटीला दाटपणा. पावसाळ्यात तांदुळजा आणि घोळ बांधावरून फुकट यायची. ठेचा इतका तिखट की अर्ध्या चमच्यात दीड भाकरी जायची. फोडणी शेवटी आणि वरून, म्हणजे थोडक्या तेलाचा वास सगळ्या घरात पसरायचा आणि जेवण भरल्यासारखं वाटायचं.

डाळ आणि धान्य एकत्र खाल्लं की एकातली प्रथिनांची कमतरता दुसरं भरून काढतं, हे मी पुढे वाचलं. आईला ते सूत्र माहीत नव्हतं, पण भाकरीबरोबर डाळ हवीच हे माहीत होतं. 'कोंड्याचा मांडा करणं' म्हणतात ते हेच.

पण या कसबाला एक मर्यादा असते आणि ती कौतुकाच्या भरात नेहमी विसरली जाते. पाणी घातल्यानं आमटी वाढते, डाळ वाढत नाही. भांडं भरतं, पोटही भरतं, पण पातेल्यात जेवढं पोषण पडलेलं आहे तेवढंच राहतं. चार जणांचं अन्न पाच जणांना पुरवता येत नाही. ते चार जणांचं अन्न पाच ताटांत मांडता येतं. मग प्रश्न उरतो, की भागाकारातली तूट कुणाच्या ताटात पडते?

उत्तर पळीत होतं. आमटीचं दाट तळाशी बसतं आणि निवळ वर राहतं. बाबांना वाढताना आई पळी तळापर्यंत घालून ढवळायची. आजीला वाढताना, आम्हाला वाढताना तसंच. स्वतःला वाढताना पळी वरच्यावर फिरायची. मोजायला गेलात तर सगळ्यांना दोन-दोन पळ्या. हिशेब बरोबर. आणि ज्या दिवशी पातेल्यात पाचव्या माणसाचं निवळही नसायचं, त्या दिवशी पाचव्या माणसाला मसूर सोसायचा नाही.

*

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी सातवीत होतो. एका रात्री पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात दिवा होता. आई ओट्याशी उभी राहून जेवत होती. मसुराच्या रिकाम्या पातेल्यात तिनं थोडं पाणी घालून ते विसळलं होतं आणि त्या पाण्यात भाकरीचे कडक काठ बुडवून खात होती. तिची माझ्याकडे पाठ होती. मी दारातूनच परत फिरलो. पाणी न पिता झोपलो.

त्या वेळी मला काय कळलं? बरंच कळलं. ज्याला मसूर सोसत नाही ते माणूस मसुराचं पातेलं विसळून खात नाही, एवढा तर्क बारा वर्षांच्या मुलाला येतो. मग मी विचारलं का नाही? त्या काळात मी स्वतःला सांगायचो की आईला लाज वाटेल म्हणून. खरं कारण वेगळं होतं. विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या ताटातलं थोडं द्यावं लागलं असतं. आणि मला भूक लागायची.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मसूर मागून घेतला. आईनं तळापासून ढवळून वाढला.

आईचं खोटं आम्हाला वाचवण्यासाठी होतं. आम्हाला भूक लागू नये एवढंच नव्हे, तर आम्हाला अपराधी वाटू नये याचीही त्यात सोय होती. पण असं खोटं एकट्यानं टिकवता येत नाही. सांगणारा लागतो, तसा न तपासणाराही लागतो. घरातल्या त्या भागाकारात न विचारणं हा माझा वाटा होता.

*

इंजिनीअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम्स नावाचा विषय होता. एकच प्रोसेसर असतो आणि कामं अनेक, तेव्हा कुणाचा नंबर आधी लावायचा याचे नियम असतात. नियम जर फक्त प्राधान्यावर चालत असतील, तर एखादं कमी प्राधान्याचं काम कायम मागे ढकललं जातं. यंत्रणा उत्तम चालते, बाकीची कामं वेळेवर होतात, आणि त्या एका कामाचा नंबर कधीच येत नाही. पुस्तकात याला 'स्टार्व्हेशन' म्हणतात. उपासमार. त्यावरचा उपायही तिथेच दिलेला असतो, 'एजिंग'. जो जितका जास्त वेळ थांबला, त्याचं प्राधान्य तितकं वाढवत न्यायचं, म्हणजे कधी ना कधी त्याचा नंबर लागतोच.

मी परीक्षेत हे आकृतीसकट लिहिलं. लिहिताना मला घर आठवलं नाही.

त्या रात्री पार्सलच्या वाट्या धुऊन झाल्यावर मी आईला विचारलं, "तेव्हा सगळ्यांनाच थोडं थोडं कमी का नाही वाढलंस?"

ती जराही गोंधळली नाही. जणू हा प्रश्न तिनं स्वतःला आधीच विचारून संपवला होता. "मग पाचही जणं अर्धपोटी उठली असती. त्यापेक्षा एकानं उठलेलं बरं. तुझे बाबा उन्हातान्हात काम शोधत हिंडायचे, आजीच्या गोळ्या होत्या, तुम्ही दोघं वाढत्या अंगाची. सांग, कुणाचं कमी करायला हवं होतं?"

हा युक्तिवाद कच्चा नाही. तूट सगळ्यांत वाटली तर सगळे अशक्त होतात. ती एकावर घेतली तर चौघं उभी राहतात. पुरात होडी कमी पडली की माणसं असाच विचार करतात. आणि त्यात तिचा निर्णय होता, तिची सत्ता होती. 'बिचारी आई' म्हणून मी तिच्या हातातली पळी काढून घेतली, तर तो तिचा अपमानच होईल.

तरीही दोन गोष्टी मला खटकतात. एक, तिच्या यादीत प्रत्येकाची गरज होती. बाबांचं ऊन, आजीच्या गोळ्या, आमचं वय. तिचं स्वतःचं काम त्या यादीत कुठेच नव्हतं. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत उभं राहणं, पाणी भरणं, धुणं, भांडी, हे कष्ट म्हणून तिनंच मोजले नव्हते. अमर्त्य सेन यांनी हे नेमकं मांडलंय, की वर्षानुवर्षं वंचित राहिलेला माणूस हळूहळू आपल्या गरजाच आखडून घेतो. मग 'तुला काय हवं?' असं विचारून त्याची खरी उणीव कळत नाही. दुसरी गोष्ट, एकानं कमी खाणं एखाद्या दिवशी न्याय्य असेल, पण रोज तोच एक का? पाळी का नाही? पाळी लावायची तर सगळ्यांना माहीत असायला हवं, आणि तिनं तर कुणाला कळूच दिलं नव्हतं. तिनं आम्हाला उपाशी ठेवलं नाही. पण देण्याची वेळही आमच्यावर येऊ दिली नाही. आणि मी, ज्याला कळलं होतं, त्यानं ती स्वतःहून घेतली नाही.

*

आमच्याच घरात याच्या नेमकं उलट वागलेली बाई होती. माझी आजी.

आजीचं सासर खटाव तालुक्यातलं, कायम पावसाची वाट पाहणारं. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. कामावर सुकडी मिळायची. आजीकडे धान्य मोजायची जुनी मापं होती: निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. बायनरी, असं मी तिला एकदा समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "आम्ही वरनं खाली यायचो. शेराचं मापटं, मापट्याचं चिपटं."

ती भाकरी झाल्या की टोपलं मधोमध ठेवायची आणि मोठ्यानं मोजायची. "सहा हायती. मानसं आठ." मग प्रत्येक भाकरीचा चतकोर मोडायचा, आणि त्या सहा चतकोरांतून उरलेल्या दोघांची ताटं भरायची. सगळ्यांच्या वाट्याला जवळपास पाऊण पाऊण भाकरी, तिच्याही. लपवाछपवी नाही.

मला बरीच वर्षं वाटायचं की आजी स्वभावानंच रोखठोक होती. आता वाटतं, त्याला आणखी एक कारण असावं. ती खडी फोडायची हे सगळ्यांना दिसायचं. मजुरी तिच्या हातात पडायची. महाराष्ट्रानं त्याच दुष्काळात रोजगार हमी योजना हाती घेतली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. ती कल्पना मांडणारे वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातले. त्या कामांवर बायका मोठ्या संख्येनं होत्या. ज्या बाईचे कष्ट दिसतात, तिला आपला वाटा मोठ्यानं मोजता येतो. आईचे कष्ट घराबाहेर दिसत नव्हते, म्हणून घरातही दिसत नव्हते.

पण आजीची पद्धतही फुकट नव्हती. तिची किंमत बाबांनी मोजली. १९७२ मध्ये ते सात वर्षांचे होते आणि रोज संध्याकाळी 'सहा हायती, मानसं आठ' ऐकत होते. आज साठीतही ते जेवायला बसले की भाकरी मोजतात. लग्नात कुणी ताटात टाकलं तर पंगतीतून उठून जातात. हॉटेलात मेन्यूकार्ड उजवीकडून वाचतात. आईनं लग्न झाल्यापासून हे पाहिलं होतं. आपली मुलं मोजणारी होऊ नयेत, असं तिनं ठरवलं असणार. आणि ती यशस्वी झाली. मी मोजत नाही. मी ॲपवरून जेवण मागवतो आणि अर्धं टाकूनही देतो. हा बिनघोरपणा तिनं स्वतःच्या वाट्यातून माझ्यासाठी विकत घेतला होता, हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

*

सरकारचा हिशेबही घराच्या दाराशीच थांबतो. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा जो गाजलेला अभ्यास मांडला, त्यात माणशी दिवसाला २,२५० कॅलरी हे माप धरलं होतं. त्याआधारे किती घरं रेषेखाली आहेत हे सांगता येतं. घरात कोण रेषेखाली आहे, हे सांगता येत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. त्याच कायद्यानं रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान बाईचं नाव घातलं. हे मोठं पाऊल आहे, आणि या धान्यानं घरं तगली आहेत. पण कार्डावर पहिलं नाव असलेली बाई ताटावर शेवटची बसते, तिथे कायद्याचा हात पोचत नाही.

ती तूट दिसते ती रक्तात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना आणि २५ टक्के पुरुषांना रक्तक्षय आढळला. या फरकाला शरीराची कारणंही आहेत, पाळी आहे, बाळंतपणं आहेत. पण ज्या शरीराला लोह जास्त लागतं त्याच्याच ताटात निवळ पडतं, हेही खरं. आईच्या एका छोट्या ऑपरेशनआधी तिचं हिमोग्लोबिन ७.८ निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "जेवण नीट करता का?" आई म्हणाली, "हो." मी शेजारीच होतो.

*

कराडमध्ये वाढलेल्या मुलाला प्रीतिसंगम आणि यशवंतराव चव्हाण टळत नाहीत. कृष्णा-कोयनेच्या त्या संगमावर त्यांची समाधी आहे. १९१३ साली देवराष्ट्रे गावात जन्म, वडील लहानपणीच गेले, आई विठाबाईंनी हालात मुलांना वाढवलं. शाळेतल्या भाषणांत आम्ही हे पाठ म्हणायचो. "त्या माऊलीनं कसं भागवलं असेल!" या वाक्यावर आवाज चढवायचा, असं आम्हाला शिकवलं होतं. भाषण पुढे मुलाच्या मोठेपणाकडे जायचं. त्या काळात ती माऊली स्वतः काय जेवली, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मला वाटतं, आपल्या कौतुकात खोट आहे ती इथे. 'अन्नपूर्णा' म्हटलं की प्रश्न मिटतो. कसबाचं कौतुक केलं की तूट झाकली जाते, आणि पुढच्या पिढीतल्या बाईला तीच तूट वारसा म्हणून मिळते, वर शाबासकीची झालर लावून. काटकसर हा सद्गुण आहे, मी नाकारत नाही. पण घरातल्या एकाच माणसाकडून वसूल केली जाणारी काटकसर हा सगळ्यांचा सद्गुण कसा होईल? त्या घरातले बाकीचे लोक काटकसरी नसतात. ते नुसते जेवलेले असतात.

मग काय करायला हवं होतं? लहान मुलांसमोर भाकरी मोजाव्यात का? बाबांकडे पाहिलं की मला 'हो' म्हणवत नाही. पण घरात दोन मोठी माणसं असताना तूट एकालाच माहीत असू नये, एवढं तरी मी खात्रीनं म्हणेन. किंवा माहीत दोघांना होती आणि बोललं कुणीच नाही? बाबांना मी हे अजून विचारलेलं नाही. विचारायचं ठरवून दोनदा कराडला गेलो आणि उसाच्या दरावर बोलून परत आलो. न विचारणं आमच्या घरात तसं जुनंच आहे.

दिवाळीत एकदा मी पळी माझ्या हातात घेतली. "आज मी वाढतो." आई वैतागली. "तुला अंदाज येत नाही, सांडशील." मला खरंच अंदाज आला नाही. बाबांना जास्त पडलं, ताईला कमी, आणि आईच्या वाटीत तळचं सगळं दाट ओतल्यावर ती म्हणाली, "एवढं कुठं जातंय मला," आणि त्यातलं अर्धं माझ्या ताटात टाकलं. घरात आता काहीच कमी नाही. तरी हात तसाच चालतो.

एक सवय मात्र मी लावून घेतली आहे. जेवायला बसण्याआधी पातेल्याचं झाकण काढून बघतो. आईला ते आवडत नाही.

"काय बघतोयस सारखं? आहे भरपूर."

"बघू दे," मी म्हणतो, आणि बघतो.